पुढे न्या

ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात वर्षातून आठ-दहा वेळा तरी आमच्या कानांवर दोन शब्द पडतात : 'पुढे न्या.' डॉक्टर ते रागाने म्हणत नाहीत. बहुतेक वेळा खालच्या आवाजात, नजर चुकवून म्हणतात. चिठ्ठीवर त्याचेच इंग्रजी रूप असते, 'रेफर टु हायर सेंटर'. नातेवाईक चिठ्ठी हातात घेतात आणि तिथेच उभे राहतात. पुढे म्हणजे कुठे? 'हायर सेंटर' हा काही पत्ता नव्हे. त्या नावाच्या गावाला एसटी जात नाही.

आम्ही म्हणजे रायगड जिल्ह्यात, सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या एका उर्दू हायस्कुलातले तीन शिक्षक. दोघे नोकरीसाठी मराठवाड्यातून इकडे आलेले, तिसऱ्या आपा इथल्याच. तिघेही बी.एड., तिघेही तिशीतले. पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हलवण्याचे काम आमच्याकडे आले, ते आम्ही फार मोठे समाजसेवक आहोत म्हणून नव्हे. कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांची घडणच तशी आहे. कमावते पुरुष कुवेत, कतार, सौदीत. घरी म्हातारी माणसे, बायका आणि मुले. रात्री कोणी कोसळले की तिकडे आखातात मुलगा फोन कानाला लावून रडत असतो आणि इकडे फॉर्मवर सही करायला कोणी नसते. दवाखान्याची चिठ्ठी इंग्रजीत, सरकारी फॉर्म मराठीत, घरातले बोलणे कोकणीत. या तिन्हींत ये-जा करणारा माणूस गावात बहुधा शाळेतच सापडतो. मग 'सरांना बोलवा, आपांना बोलवा' असा निरोप येतो.

शाळेतल्या माणसाला एक गोष्ट चटकन खटकते. विद्यार्थ्याला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर केवढी कागदपत्रे होतात! नवी शाळा मागणीपत्र पाठवते, जुनी शाळा दाखला देते. दाखल्यावर जनरल रजिस्टरचा नंबर, जन्मतारीख अक्षरी, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण. (शिक्षणहक्क कायद्याने दाखल्यावाचूनही प्रवेश द्यावा लागतो, हे बरेच झाले; पण दाखला काढायचा राहत नाही.) चौथीतले पोर शेजारच्या गावी गेले तरी ते कुठून निघाले आणि कुठे पोहोचले याची नोंद दोन्हीकडे राहते. आणि मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस पावणेदोनशे किलोमीटर दूर निघतो तेव्हा त्याच्याजवळ चार शब्दांची चिठ्ठी असते, आणि पलीकडे त्याची वाट पाहणारे कोणी नसते.

२०१६ च्या पावसाळ्यात मोहल्ल्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांना न्यूमोनिया झाला. श्वास पुरेना. 'पुढे न्या' झाले. खासगी गाडी ठरली, सिलिंडर लावला आणि आमच्यापैकी दोघे बरोबर बसले. मिनिटाला दहा लिटर प्राणवायू चालू होता. गाडीत जो मध्यम सिलिंडर असतो, ज्याला बी टाइप म्हणतात, त्यात साधारण १५०० लिटर मावतो. सातवीतले गणित आहे : १५०० भागिले १० म्हणजे १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालले होते आणि त्या पावसात मुंबई गाठायला पाच तास लागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. गाडीवाल्याने हे गणित केले नव्हते, पाठवणाऱ्यांनीही नाही. पेणला एका दवाखान्याच्या दारात हातापाया पडून दुसरा सिलिंडर मिळवला.

मुंबईत पहिल्या रुग्णालयाने व्हेंटिलेटर रिकामा नाही म्हणून सांगितले. दुसऱ्याने छातीचा फोटो काढला, तिथेही तेच. तिसऱ्याच्या आवारात केसपेपरच्या रांगेत आमचा नंबर लागला तेव्हा बाबा गाडीत गेले होते. त्या तिन्ही ठिकाणी कोणी खोटे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही वॉर्ड डोळ्यांनी पाहिले. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून पेशंट झोपवले होते. मात्र खाट रिकामी नाही ही गोष्ट फोनवर एका मिनिटात कळली असती. ती कळायला एका म्हाताऱ्या माणसाला पाच तास रस्त्यावर घालवावे लागले. मय्यत घेऊन परतताना बाबांच्या मुलाने विचारले, 'सर, कुठं नेवाचा होता?' तो दोष देत नव्हता, खरोखर विचारत होता.

त्यानंतर आपांनी कुठूनसा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मिळवला. आम्ही तिघांनी तो शाळा सुटल्यावर बसून वाचला. तो सर्वांना ठाऊक असायला हवा. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला हकीम शेख नावाचा शेतमजूर मथुरापूर स्टेशनात गाडीतून पडला आणि डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढे पाठवले. मग रात्रभर आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कलकत्त्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालये. कुठे खाट नाही, कुठे त्या उपचाराची सोय नाही. अखेर खासगी रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटली ती पुढची ओळ : कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळून रुग्णाला थेट तिथेच पाठवता यावे यासाठी एक मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी. पैसा नाही हे कारण सरकारला सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

म्हणजे बाबांच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षांपूर्वीच लिहून झाले होते.

उत्तर लिहिलेले असले तरी फोन कोणीतरी करायचाच असतो. तेव्हापासून आम्ही शंभर पानी वही घातली. तिच्यात मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागांचे नंबर आहेत, समाजसेवा अधीक्षकांचे आहेत, रक्तपेढ्यांचे आहेत. कोकणी माणसाला केईएम, जेजे, सायन, नायर ही नावे पावलापुरती ठाऊक असतात, पण कोणत्या दाराने आत जायचे हे ठाऊक नसते. वहीत दारांचीही नोंद आहे.

पहिली गोष्ट आम्ही हीच करतो की डॉक्टरांना अदबीने विनंती करतो, 'साहेब, तुम्ही स्वतः तिकडे बोला.' नातेवाईकाने फोन केला तर पलीकडचा माणूस दोन वाक्यांत ठेवून देतो. डॉक्टरने डॉक्टरला सांगितले तर ऐकून घेतो, कारण त्याला जे विचारायचे असते ते फक्त डॉक्टरच सांगू शकतो. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचे, बाहेर ओपीडीची रांग, एकच डॉक्टर. तरी आजवर एकाही डॉक्टरने ही विनंती धुडकावली नाही. कोणी विचारत नाही म्हणून ते करत नव्हते, असे आमचे मत झाले आहे.

दुसरी बाब सहीची. घाईगर्दीत नातेवाईकांपुढे एक कागद सरकवला जातो. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहोत.' खाली घरातली बाई अंगठा उठवते. झाले, आता तो रवाना केलेला पेशंट राहिला नाही, पळून गेलेला पेशंट झाला! उद्या वाटेत काही झाले तर विचारायला तोंड नाही, आणि पलीकडच्या डॉक्टरला मागच्या उपचारांचा पत्ता नाही. एका खासगी नर्सिंग होममध्ये आम्ही तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. पेशंटची सासू म्हणाली, 'आमी कुठं आमच्या मर्जीनं नेतोय? तेच सांगतात न्या म्हणून.' तिला कायद्याची भाषा येत नव्हती, पण मुद्दा तिने बरोबर मांडला. मग रीतसर रेफरची चिठ्ठी मिळाली. औषध काय दिले, किती वाजता दिले, सगळे लिहून.

गाड्यांबद्दल थोडे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, आणि तिने आमच्या भागात किती जीव वाचवले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. बाळंतिणीसाठी आणि आजारी तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घर ते दवाखाना, दवाखाना ते मोठा दवाखाना आणि परत घर, असा तिन्ही वेळचा प्रवास मोफत आहे. यातले मधले 'दवाखाना ते मोठा दवाखाना' आमच्या बायकांना कोणी सांगत नाही, म्हणून त्या दागिना मोडून खासगी गाडी करतात. खासगी गाडीवाल्यांत भले लोक पुष्कळ आहेत, पण काहींची गाडी सरकारी रुग्णालयाकडे निघते आणि 'तिथे काय होणार हो, मी ओळखीचे दाखवतो' म्हणत भलत्याच दाराशी थांबते. त्या दाराशी त्याला काय मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही गाडीत बसण्याआधीच रुग्णालयाचे नाव चिठ्ठीवर लिहून घेतो आणि ड्रायव्हरला वाचून दाखवतो.

मे २०१८ मधली एक रवानगी सविस्तर सांगावी अशी आहे. रमजानचा पहिलाच आठवडा होता. आमच्या नववीतल्या एका मुलीचा सात वर्षांचा भाऊ दुपारी रायवळ आंब्यावरून पडला. बाप कुवेतला. रुग्णालयात आणेपर्यंत दोन उलट्या झाल्या होत्या आणि पोराचे डोळे मिटत होते. डॉक्टर विदर्भातले, तरुण. त्यांनी मानेला पट्टा लावला, सलाईन लावले आणि म्हणाले की सीटी स्कॅन हवा, मेंदूचा सर्जन हवा, दोन्ही इथे नाहीत. मग स्वतः फोन घेऊन बसले. तीन ठिकाणी लावला. चौथ्यांदा मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर बाई मिळाल्या. त्यांनी भराभर विचारले : वय, किती वेळापूर्वी पडला, उलट्या किती, झटके आले का, दोन्ही बुबुळे सारखी आहेत का, ग्लासगो किती.

हा ग्लासगो शब्द आम्हांला नवा होता. डॉक्टरांनी घाईतही समजावले. शुद्धीची परीक्षा असते ती, १५ गुणांची. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ती बसवली. तिच्यात शून्य गुण नाहीत. अगदी निपचित पडलेल्यालाही ३ मिळतात. उत्तरपत्रिका तपासण्यात हयात घालवणाऱ्यांना ही पद्धत आवडली नसती तरच नवल. पोराला १३ होते. पलीकडून बाई म्हणाल्या, 'पाठवा. माझे नाव सांगा.' नाव, फोनची वेळ, दिलेली औषधे आणि सहा दहाला १३, असे सगळे चिठ्ठीवर चढले. आम्ही तेवढे नीट लिहिलेली चिठ्ठी त्याआधी पाहिली नव्हती.

१०८ साडेसहाला निघाली. आई, आपा आणि आमच्यापैकी एक जण. माणगावच्या बाजारात गाडी अडकली होती तेव्हा मगरिबची अजान झाली. ड्रायव्हरने काही न बोलता आपली पाण्याची बाटली मागे दिली. गाडीतले डॉक्टर दर अर्ध्या तासाला पोराला हाक मारत आणि वेळ घालून गुण लिहीत. वडखळपर्यंत १३ होते, पनवेलला १२ झाले. आपा सांगतात की त्या एका गुणाने जेवढी धडधड झाली तेवढी बोर्डाच्या निकालाला कधी झाली नाही.

सव्वाअकराला पोहोचलो. दारावरच्या शिपायाने हात आडवा केला, नाव सांगितल्यावर काढला. बाई स्वतः ट्रॉली घेऊन आल्या. दुसरे एक डॉक्टर दक्षिणेकडचे होते, मराठी जेमतेम. ते पोराला तपासू लागले, पोर काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी शेजारच्याला इंग्रजीत सांगितले की नुसता आवाज आहे, शब्द नाही. आपा पुढे झाल्या. म्हणाल्या, 'शब्द आहे. पानी दे गो म्हणतोय. आईला पाणी मागतोय.' डॉक्टर थांबले, पुन्हा ऐकले आणि बोलण्याचे गुण वाढवून लिहिले. कोकणी बोलीला कुठल्या परीक्षेत गुण मिळाल्याचे आमच्या पाहण्यातले ते एकमेव उदाहरण.

सीटीत कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साकळलेले रक्त दिसले. एक वाजता ऑपरेशनला घेतले. सहरीच्या वेळी व्हरांड्यात साताऱ्याकडच्या एका बाईने, तिचा नवरा आत होता, फडक्यातली भाकरी आणि ठेचा पोराच्या आईपुढे ठेवला आणि 'खा बाई, दिवसभर मग उपाशी राहशील' म्हणाली. पोर वाचले. आज ते आमच्याच शाळेत आहे, आणि गणितात कच्चे आहे.

पैशांचे कोडे वेगळेच असते. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत आपला रायगड पहिल्यापासून होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. योजना चांगली आहे. अडते ते नावावर. रेशनकार्डावर 'फातिमाबी', आधारवर 'फातेमा', निकाहनाम्यात 'फातिमा बानू'. कुठे बापाचे नाव, कुठे नवऱ्याचे. आमच्या बायकांची नावे प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे लिहिली आहेत. आयसीयूबाहेर उभे राहून ही तिन्ही एकच बाई आहे हे आरोग्यमित्राला पटवणे फार वाईट. म्हणून पालकसभेत आम्ही आता मुलांच्या प्रगतीआधी रेशनकार्डे पाहतो. एक-दोन पालक याला हसले. त्यांच्याही कार्डांत चुका निघाल्या. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत असतात, हेही आम्ही तिथेच सांगतो.

असे असले तरी प्रत्येक पेशंट मुंबईलाच न्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्याच भागात विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत. दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस जात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेही मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून दंशाचा अभ्यास केला, प्राझोसिन हे औषध वापरले, आणि मृत्यू अगदी थोड्यांवर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या औषधाची गोळी बिरवाडीतच मिळू लागली तेव्हा किती गाड्या रस्त्यावर निघायच्या वाचल्या असतील! सीटी स्कॅन आणि रात्री जागा असलेला भूलतज्ज्ञ तालुक्याला मिळाला तर आमच्या वहीची निम्मी पाने कोरी राहतील.

आणि खाटांची चौकशी फोनवर होऊ शकत नाही असे आम्हांला आता कोणी सांगू नये. २०२० च्या साथीत मुंबई महापालिकेने २४ वॉर्डांत वॉर रूम उघडल्या. कोणी कोणत्या रुग्णालयात जायचे हे तिथून ठरे, खाट नेमून दिली जाई, गाडी पाठवली जाई. साथ ओसरली आणि त्यांचे काम संपले. डोके फुटलेल्यांची, झटका आलेल्यांची, अडलेल्या बाळंतिणींची साथ मात्र बारमाही असते.

त्या पोराला नवव्या दिवशी सोडले. नेताना गाडी सरकारी होती, आणताना नव्हती. एका नातेवाइकाच्या ईकोत मागच्या सीटवर झोपवून आणले. टाके काढायला ग्रामीण रुग्णालयात नेले तेव्हा त्या विदर्भातल्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड मागून घेतले. उभ्या उभ्या दोनदा वाचले आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला. म्हणाले, 'इतके पेशंट पाठवतो, पुढे काय झाले ते कोणी कळवतच नाही.' तेव्हापासून प्रत्येक डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आम्ही पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो. मृत्यू झाला असेल तर तेही जाऊन सांगतो. ते सांगणे आपा करतात.

ते डॉक्टर बदलून गेले. वही शाळेच्या कपाटात कॅटलॉगांच्या शेजारी असते. गेल्या महिन्यात म्हसळ्याकडच्या एका उर्दू शाळेतल्या मुख्याध्यापकांनी तिची प्रत मागवली. दिली. पाठवताना लिहून कळवले की पान ४ वरचे दोन नंबर आता लागत नाहीत आणि पान ११ वर सांगितलेले दार दुरुस्तीसाठी बंद आहे, मागच्या बाजूने जावे.